खरात सिस्टरांचा शाळाप्रवेश

नोकरीच्या आठवणी लिहा असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना विचारलं, कारकुनाच्या आठवणी वाचणार कोण? ते म्हणाले, "बाई, तुम्ही लोकांच्या बायकांकडून देणग्या कशा काढल्यात तेवढं लिहा." साताऱ्यात माझी काय ख्याती आहे ते मला त्या दिवशी कळलं.

मी मुलींच्या एका शाळेत तीस वर्षं कारकून होते. त्याच शाळेत शिकले, मॅट्रिक झाले आणि काही वर्षांनी त्याच शाळेच्या ऑफिसात चिकटले. लग्न केलं नाही. का, तो या अंकाचा विषय नाही.

साठ सालानंतर आमच्याकडे आसपासच्या खेड्यांतल्या मुली यायला लागल्या. सातवीपर्यंत गावात शिकायच्या, आठवीला साताऱ्यात यायच्या आणि दिवाळीनंतर गळायच्या. सकाळची एस.टी. चुकली की शाळा चुकायची, आणि संध्याकाळची एकदा चुकली की घरचे पुन्हा पाठवायचे नाहीत. आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळं गाव मोठ्या बाई म्हणायचं, त्यांनी ठरवलं की या मुलींसाठी वसतिगृह काढायचं. पैसा कुठून आणायचा? माजी विद्यार्थिनींकडून. आणि माजी विद्यार्थिनी कुठून आणायच्या? "त्या तुम्ही शोधा," असं म्हणून मोठ्या बाई वर्गावर निघून गेल्या.

ज्यांनी शाळेचं ऑफिस आतून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक शाळेत एक जनरल रजिस्टर असतं. मुलगी दाखल झाली की तिची त्यात एक ओळ. नाव, वडिलांचं नाव, धर्म-जात, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, आणि अगदी शेवटी शाळा कधी सोडली आणि का सोडली. प्रत्येक ओळीला नंबर. त्यात खाडाखोड चालत नाही, मागाहून घुसवाघुसव चालत नाही. जन्मतारीख दोन वर्षांनी मागे घ्या म्हणून माझ्याकडे लोक कंदी पेढे घेऊन यायचे. मी पेढे शिपाईमामांना द्यायची आणि तारीख होती तशीच ठेवायची. या रजिस्टराला माझ्या कारकिर्दीत कुणी बोट लावू शकलं नाही, याचा मला अभिमान होता. अजून थोडा आहे.

मुलग्यांच्या शाळेला माजी विद्यार्थी सापडतो, कारण तो मरेपर्यंत त्याच नावाचा असतो. आमच्याकडची मथुरा गोविंद अमुक लग्नात तांदळाच्या ताटात शिरायची आणि सुनंदा वसंत तमुक होऊन बाहेर पडायची. नाव गेलं, आडनाव गेलं, गाव गेलं. रजिस्टर घेऊन बसलं तर हाती काहीच लागायचं नाही. शेवटी मला पेठेतले कासारकाका सापडले. गावातल्या निम्म्या मुलींना लग्नाचा चुडा त्यांनी भरलेला. मी नाव वाचायची आणि ते डोळे मिटून सांगायचे, "मथी? सव्वादोनचा हात. सांगलीला दिली, हळदीच्या पेढीवर. नाव बदललं असंल, हात तोच." त्यांच्या दुकानात बसून मी तीनशेवर बायका शोधल्या. शाळेनं त्यांचा सत्कार करायला हवा होता. राहून गेला.

देणाऱ्यांच्या तऱ्हा काय सांगाव्यात. त्या मथुरेच्या नवऱ्यानं सांगितलं, आम्ही रोख देत नाही, माल देतो. आणि खरोखरच हळदीची दोन पोती शाळेच्या दारात उतरली. ती आम्ही शिक्षिकांना किलोकिलोनं विकली. पुढची दोन वर्षं आमच्या स्टाफच्या घरी साध्या वरणाचाही रंग वेगळाच होता. दुसरी एक महाबळेश्वरची, हॉटेलवाल्याची बायको. तिनं आपले सोन्याचे तोडे मृत्युपत्रात शाळेच्या नावानं लिहिले आणि दर दिवाळीला पत्र पाठवायला सुरुवात केली: "यंदाही माझी प्रकृती उत्तम आहे. आपली अडचण होत असेल याची जाणीव आहे." या पत्राला उत्तर लिहिणं हे माझ्या नोकरीतलं सर्वांत अवघड काम. "वाचून आनंद झाला" असं लिहिलं तर मोठ्या बाई म्हणायच्या, जरा उपरोधिक वाटतंय. नुसतं "पत्र पोचले" लिहिलं तर म्हणायच्या, निराश वाटतंय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

एक दिवस सांगलीहून पत्र आलं. अक्षर दवाखान्याच्या कागदांवर असतं तसं सरळ आणि घाईचं. लिहिणारी श्रीमती भागीरथी खरात, सांगलीच्या एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डावर सिस्टर. नवरा पलटणीत होता, तो वारला, मूलबाळ नाही. साताऱ्याला सदर बझारात त्याच्या मागं राहिलेलं चार खोल्यांचं घर आहे, मागे विहीर आहे. ते घर मृत्युपत्र करून शाळेच्या वसतिगृहाला द्यायचं आहे. अट एकच: "मी आपल्या शाळेत चार वर्षे शिकले. माझे नाव शाळेच्या रजिस्टरात असावे."

मोठ्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं. सदर बझारात चार खोल्या आणि विहीर. आम्ही तोवर तीन वर्षं फिरून जे जमवलं होतं त्यात एका खोलीचा पाया झाला असता.

मी रजिस्टर काढलं. तिनं माहेरचं नाव कळवलं होतं, भागीरथी सिदू कांबळे. सगळी जुनी पानं पाहिली. नाव नव्हतं. मग मी शाळेच्या कागदावर उत्तर लिहिलं की आपले नाव आढळून येत नाही, तरी कृपया आपला रजिस्टर नंबर कळवावा म्हणजे शोध घेणे सोपे जाईल. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा मला ते पत्र फार चोख वाटलं होतं. आठ दिवसांत उलट कार्ड आलं. त्यावर एकच ओळ: "नंबर कधी मिळाला नाही, म्हणूनच पत्र लिहिले."

मोठ्या बाईंनी मला सांगलीला पाठवलं.

दवाखान्याच्या आवारात तिची एक खोली होती. पांढरं लुगडं, केस घट्ट बांधलेले, बोलणं संथ. मला पाहिलं आणि म्हणाली, "आवं, तुमी पमी न्हवं? खिडकीपाशी बसायच्या."

मी प्रमिला. पमी म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि लाजही वाटली, कारण मला ती मुळीच आठवत नव्हती. तिनं चहा केला. मी घेतला. त्या काळात कांबळ्यांच्या घरी चहा घेतला एवढ्यावर आमच्यातलं माणूस स्वतःला सुधारक समजायचं. मीही समजले. कपबशी विसळून ठेवताना तर फारच समजले.

मग तिनं सांगितलं. तिचं घर गावाबाहेरच्या वस्तीतलं, तेव्हाच्या बोलीत अस्पृश्य. बाप कचेरीत झाडलोट करायचा. पोरगी शिकावी ही त्याची हौस. आमच्या शाळेत तेव्हा एक म्हाताऱ्या मास्तरीणबाई होत्या. त्यांनी त्याला सांगितलं, पोरीला पाठव, पण नाव घालता यायचं नाही, पंच शाळा बंद करतील. ती बाहेर व्हरांड्यात खिडकीखाली बसेल. मी आत मोठ्यानं शिकवीन.

"चार वर्सं बसले," ती म्हणाली. "पाटी लिवून जमिनीवर ठेवायची. बाई भाईर येऊन वाकून बघायच्या. म्होरं सातवीची फायनल भाईरून दिली, पास झाले, मग नर्शिंगला गेले. पर कुटं इचारलं, कंच्या शाळंत शिकलात, तर काय सांगू? आमच्यातल्या पोरी मला इचारत्यात. मी शाळंचं नाव घेते. उद्या एखादी तितं जाऊन बघंल तर मी खोटी पडते."

मी तिला समजावायला लागले. दारावर संगमरवरी पाटी लावू. ऑफिसात मोठा फोटो लावू. समारंभ करू, शालनारळ देऊ, कलेक्टरसाहेबांना बोलावू. ती ऐकत होती.

"फोटू नगं," ती म्हणाली. "सगळ्या पोरींचं जितं नाव हाय तितं माजं लिवा. एक वळ."

मग मी नियम सांगितला. बंद झालेल्या पानावर नवी नोंद करता येत नाही, करणाऱ्याची नोकरी जाते, आणि एकीसाठी केलं तर उद्या शंभर येतील. हे सगळं खरं होतं. तिनं मान हलवली. "आमच्याकडंबी तसंच हाय. मूल जन्मल्याबिगर नोंद करता येत न्हाई. पर जन्मलं आन् कुनी नोंद केली न्हाई, तर त्ये जन्मलंच न्हाई म्हनायचं का?"

मी म्हटलं, कमिटीपुढे ठेवते. नसलेल्या उत्तराला आमच्याकडे हेच म्हणायची पद्धत आहे.

स्टँडवर सोडायला ती माझ्याबरोबर आली. एस.टी. लागलेली होती. मी चढता चढता ती सहज म्हणाली, "तुमी सकाळच्याला खिडकी लावून घ्यायच्या बगा. वारं लागतं म्हनून. तवा मला काय ऐकू यायचं न्हाई. पयला तास गणिताचा असायचा. म्हनून गणित तेवडं कच्चं ऱ्हायलं माजं."

ती हसत होती. टोमणा मारल्याचं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. एखादीनं आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला आठवण सांगावी तशी सांगत होती.

सांगली ते सातारा एवढा रस्ता मी ती खिडकी आठवायचा प्रयत्न केला. खिडकी आठवली. निळ्या रंगाची, खालची कडी ढिली. साताऱ्याचा वारा तर सगळ्यांना माहीत आहे. पण ती लावताना खाली कुणी बसलेलं आहे हे मला एकदाही आठवेना. मी दुष्ट मुलगी नव्हते. मला थंडी वाजत होती आणि मी खिडकी लावली. कराडच्या स्टँडवर शेजारची बाई म्हणाली, बाई, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, डोळ्यात धूळ गेली. खरं सांगायचं तर मी रडत होते.

कमिटीत विषय आला. कमिटीत एक वकील होते, त्यांनी सांगितलं की जुन्या पानावर नोंद म्हणजे बनावट दस्तऐवज. दुसरे एक सभासद म्हणाले, आधी घर नावावर करून घ्या, मग नावाचं बघू. मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी तो शब्द इतिवृत्तात घेऊ नका म्हणून मला दोनदा विनंती केली. मी घेतला. पण मार्ग निघाला नाही, आणि असं करता करता वर्ष गेलं. त्या वर्षात आठवीतल्या सात मुली गळाल्या. सांगलीहून एक कार्ड आलं, की दम्यानं नोकरी सोडली आहे, पुतण्याला घर हवं आहे, तरी शाळेनं काय ते कळवावं. पुतण्या म्हणजे तिच्या नवऱ्याच्या भावाचा मुलगा.

त्या कार्डानंतर मी नियमांचं पुस्तक घरी नेलं. आयुष्यात दुसऱ्यांना अडवायला ते शेकडो वेळा उघडलं होतं. वाट काढायला पहिल्यांदाच उघडलं. प्रवेशाचं कलम वाचलं. मुलगी कमीत कमी किती वर्षांची हवी ते लिहिलेलं होतं. जास्तीत जास्त किती, हे लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना म्हटलं, "जुन्या पानावर नोंद होत नाही. पण आजच्या पानावर नवीन प्रवेश देता येतो."

"कुणाला?"

"भागीरथीला."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं आता माझं डोकं तपासायला सांगतील. त्या म्हणाल्या, "कोणत्या इयत्तेत?"

"सातवी पास आहे. आठवीत."

"तुकडी ब," मोठ्या बाई म्हणाल्या. "अ मध्ये जागा नाही."

ती जूनमध्ये आली. पांढरं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत वही. ऑफिसच्या दारात उभी राहिली, आत येईना. मी उठून गेले आणि तिला हाताला धरून माझ्या टेबलासमोर बसवली. प्रवेश अर्ज भरायला घेतला. नाव घातलं, कंसात सासरचं आडनाव घातलं. धर्म विचारला. "बौद्ध," ती म्हणाली, छप्पन्न साली सगळ्या वस्तीबरोबर घेतलेला. जन्मतारीख तिला माहीत नव्हती. हजारो बाळांची वेळ मिनिटासकट लिहिलेल्या बाईला स्वतःची तारीख माहीत नाही, म्हणून आम्ही दोघींनी मिळून एक ठरवली. मग आला रकाना, पूर्वीची शाळा. मी लिहिलं, "हीच. व्हरांडा."

तिनं तो अर्ज स्वतःकडे फिरवून घेतला. बराच वेळ वाचत होती. मग पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाली, "बरुबर लिवलंय."

खाली पालकाची सही लागते. आई-बाप नाहीत, नवरा नाही. पालकाशिवाय प्रवेश होत नाही, आणि माझ्या ऑफिसात नियमाबाहेर काही व्हायचं नाही हे मोठ्या बाईंनाही माहीत होतं. भागीरथी म्हणाली, "तुमीच करा की सई." मी केली. नात्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं, "वर्गमैत्रीण." असं नातं त्या रकान्यात आधी कुणी लिहिलेलं नव्हतं.

मग मी जनरल रजिस्टर काढलं आणि तिच्यासमोर तिची ओळ लिहिली. ओळीचा नंबर तिला मोठ्यानं वाचून दाखवला.

तिनं एक तास वर्गात बसायचं ठरवलं. गणिताचा. पन्नाशी उलटलेली बाई दुसऱ्या बाकावर बसली. मुलींना तिच्याबद्दल आधी सांगून ठेवलं होतं तरी त्या उभ्या राहिल्या, आणि ती त्यांना बसा बसा म्हणत राहिली. गणिताच्या शिक्षिकेला घाम फुटला होता. भागीरथीनं सगळी उदाहरणं वहीत उतरून घेतली, दोन चुकली, ती पुन्हा सोडवली. तास संपल्यावर मला म्हणाली, "सोपं हाय की. उगंच भ्याले मी." मग दुपारच्या एस.टी.नं सांगलीला गेली.

पुन्हा ती शाळेत आली नाही. दुसऱ्या वर्षी सांगलीतच वारली. मृत्युपत्र केलेलं होतं, त्यात लिहिलं होतं, "मी सदर शाळेची विद्यार्थिनी असून माझे घर शाळेस देत आहे." तिच्या वकिलांनी आम्हाला विचारलं की "माजी" शब्द राहून गेला का. मी कळवलं की राहिलेला नाही, मजकूर बरोबर आहे.

पुतण्या आला तो भांडायच्या तयारीनं. "काकू कवा शिकली तुमच्यात? घर लाटायला लिवून घेतलंय सगळं." मी रजिस्टर उघडून त्याच्यापुढे ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तो शेवटपर्यंत वाचत गेला. पूर्वीच्या शाळेच्या रकान्यापाशी थांबला. "तुमी सोता लिवलंय ह्ये?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यानं टेबलावर ठेवला आणि विहिरीचा रहाट दुरुस्त करून घ्या, पोरी पडतील, असं सांगून गेला. त्या जूनमध्ये वसतिगृहात अकरा मुली राहायला आल्या. दिवाळीनंतर अकराच्या अकरा परत आल्या.

यापुढचं एकच सांगायचं आहे. त्यानंतर दोनेक वर्षांनी शाळा तपासणीला नवे साहेब आले. तरुण आणि काटेकोर. त्यांनी जनरल रजिस्टर मागवलं, बोट ठेवून ओळीमागून ओळ पाहत गेले आणि एका ठिकाणी थांबले.

"बाई, ही जन्मतारीख चुकली आहे."

"नाही साहेब. बरोबर आहे."

त्यांनी हिशेब केला, मग माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच, खिडकीसकट. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. पण बाई वारल्या म्हणता. मग शाळा सोडल्याचा रकाना रिकामा का? नाव कमी करायला हवं."

"नाव कमी करायला पालकाचा अर्ज लागतो, साहेब."

"मग पालकांना बोलवा."

"पालक मीच आहे."

त्यांनी प्रवेश अर्जाची फाइल मागितली. सही पाहिली, नात्याचा रकाना पाहिला.

"मग द्या अर्ज," ते म्हणाले.

"देणार नाही, साहेब."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि पान उलटलं.